काशीभाऊंची आभारकार्डं

काशीभाऊ विशे यांना मदत करायची असेल, तर ती दोनदा करायची तयारी ठेवावी लागे. एकदा मदत म्हणून आणि एकदा फोटोसाठी. एका सकाळी त्यांची स्कूटर आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. मी मागून ढकलली, ती सुरू झाली. दुसरा कुणी हात हलवून निघून गेला असता. काशीभाऊंनी स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली, पिशवीतून कॅमेरा काढला आणि म्हणाले, "मास्तर, आता परत तसंच ढकला. नोंद व्हायला पायजे." स्टँडवरची स्कूटर मी तोंड वाकडं करून ढकलल्यासारखं केलं. फोटो छान आला. त्यानंतर स्कूटर काही केल्या सुरू होईना, म्हणून तिसऱ्यांदा खरोखरची ढकलावी लागली. चार दिवसांनी त्या फोटोचं रंगीत कार्ड पोस्टानं माझ्या घरी आलं. शहापुरात आमच्या दोघांच्या घरांना एकच भिंत आहे.

काशीभाऊ वाशिंदच्या एका कारखान्यात मशीनवर होते. दोन हजार सालानंतर कारखान्यानं माणसं कमी केली, तेव्हा हाती आलेल्या पैशातून कुणी रिक्षा घेतली, कुणी पिठाची गिरणी टाकली. काशीभाऊंनी कॉम्प्युटर, स्कॅनर, रंगीत प्रिंटर आणि डिजिटल कॅमेरा घेतला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या मंदावहिनींनी, कपाळाला हात लावून विचारलं, "याचं करायचं काय?" तर म्हणाले, "लोकांनी आपल्यासाठी केलं ते कुठं लिवून ठेवलंय? ते आता लिवायचं."

आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली. दूध घालणारा, पंक्चर काढणारा, बँकेत रांगेत पुढे सोडणारा, कुणीही सुटला नाही. फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर मागचा उकिरडा पुसून तिथं बर्फाचे डोंगर लावायचे, खाली दोन ओळी टाकायच्या, जाड चकचकीत कागदावर छापायचं आणि तिकीट लावून पेटीत टाकायचं. दिवसातून दोनदा वीज जाई. त्यामुळे कार्ड कधी कधी अर्धंच बाहेर येई. आमच्या गवळ्याच्या कार्डावर गवळी पूर्ण होता आणि म्हैस मानेपर्यंत.

कार्ड हातात द्या की, असं मी एकदा सुचवलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "हातात दिलेलं माणूस फ्रीजवर ठेवतो, मास्तर. पोस्टानं आलेलं कपाटात ठेवतो." या कार्डांमुळे पोस्टमनची पायपीट वाढली, म्हणून त्यालाही एक आभाराचं कार्ड गेलं. तो ते घेऊन काशीभाऊंच्याच दारात आला आणि म्हणाला, "हे मी मलाच टाकायचं काय?" काशीभाऊ म्हणाले, "आता घरी जाशील तवा टाक."

आता खरं सांगायचं तर आमच्याकडे आभार मानायची रीतच नाही. कुणी पाणी दिलं तर प्यावं आणि तांब्या जागेवर ठेवावा, झालं. आभार सभेत मानतात, तेही लोक चपला शोधायला लागल्यावर. त्यामुळे काशीभाऊंची कार्डं पाहून लोक हसत आणि काही चक्क रागावत. समोरच्या भोईरकाकूंनी वालाच्या शेंगा दिल्या होत्या. कार्ड मिळाल्यावर त्या ते घेऊन तरातरा आल्या. "काशीभाऊ, आमी काय परक्या हाव? शेंगा दिल्या त्याचं आभार मानतात का कुणी?" त्यानंतर महिनाभर शेंगा आल्या नाहीत.

पण कहर झाला तो आटगावच्या गंगारामच्या वेळी. त्यानं काशीभाऊंना एकदा आटगाव स्टेशनपासून मोटारसायकलवर घरी सोडलं होतं. कार्डांसाठी काशीभाऊंनी कल्याणच्या एका बॅनरवाल्याकडून देखाव्यांची सीडी आणली होती. तिच्यातले निम्मे देखावे वाढदिवसाचे होते आणि निम्मे श्रद्धांजलीचे. काशीभाऊंना ढग आवडत. त्यांनी गंगारामला ढगांत बसवला, बाजूला समई लावली, खाली कमळ ठेवलं आणि लिहिलं, "आपले उपकार आम्ही कधीच विसरणार नाही."

कार्ड आटगावला पोचलं तेव्हा गंगाराम बैल घ्यायला म्हशाच्या जत्रेला गेला होता. घरी म्हातारी आई एकटी. तिनं कार्ड शेजाऱ्याला दाखवलं. शेजाऱ्यानं ढग पाहिले, समई पाहिली आणि टोपी काढली. संध्याकाळी गंगाराम बैल घेऊन परत आला, तर अंगणात पन्नासेक माणसं खाली मान घालून बसलेली. बांधाच्या भांडणावरून कित्येक वर्षं न बोलणारा चुलतभाऊ सगळ्यात पुढे बसून डोळे पुसत होता. गंगारामनं विचारलं, "कोण गेला रे?" चुलतभाऊ दचकून उठला. पण एकदा डोळे पुसल्यावर परत अबोला धरणंही बरं दिसेना, म्हणून तो बैलाचे दात बघायला लागला. तेव्हापासून दोघं बोलतात.

मी काशीभाऊंना म्हटलं, "आता तरी पुरे करा." ते विचारात पडले. मग म्हणाले, "इतकी माणसं काम टाकून आली. त्यांची नोंद नको?" अंगणात आलेल्या सगळ्यांना कार्डं गेली. माझ्या आग्रहामुळे या वेळी ढगांऐवजी फुगे होते.

मी हायस्कुलात मराठी शिकवत असे, म्हणून कार्डावरचा मजकूर तपासायला ते माझ्याकडे येत. एकदा मी सहज विचारलं, "काशीभाऊ, तुमच्या मुरबाडच्या वहिनींचं कार्ड नाही केलंत ते?" ही वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. आईबाप गेले तेव्हा काशीभाऊ रांगत होते. त्यांना तिनंच वाढवलं. भाऊ जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण दर पौषात मुरबाडकडून नव्या तांदळाचं पोतं यायचं ते यायचंच.

काशीभाऊंनी हातातला कार्डांचा गठ्ठा उलटा ठेवला. मग म्हणाले, "तिचं कार्ड नाय व्हायचं मास्तर. येक तर फोटो कसला काढू? तिनं केलं ते परत करून दाखव, असं कसं सांगू?" त्यांनी दुसरं कारणही सांगितलं. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात त्यांनी वहिनीला लुगडं नेलं होतं आणि म्हटलं होतं, "वहिनी, तुझे लय उपकार झाले." ती चुलीपाशी होती. तिनं मागं वळून न बघता विचारलं, "उपकार झाले? मंग फिटलं. जा आता." जेवायला वाढलं, पण पुढच्या म्हशाच्या जत्रेपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

मला तेव्हा कुठे कळलं. हा माणूस साऱ्या तालुक्याचे आभार मानत सुटला होता, कारण जिचे मानायचे तिचे मानता येत नव्हते. मला इतके दिवस केलेल्या त्यांच्या चेष्टेचं वाईट वाटलं.

त्या दिवाळीनंतर मुरबाडच्या डॉक्टरनं सांगितलं, वहिनीला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. काशीभाऊ भिंतीपलीकडून ओरडले, "मास्तर, या इकडं." आता तिला दिसतंय तोवर कार्ड व्हायला हवं होतं. ती फोटो काढू देईना. "भिंतीला टांगायला काढतोस काय?" म्हणे. शेवटी एका लग्नाच्या जुन्या फोटोत ती सापडली, पण व्याह्याच्या फेट्यामागे. चेहरा अर्धाच. काशीभाऊंनी तो अर्धा स्कॅन केला, उलटा केला आणि दुसरीकडे जोडला. बाई पूर्ण झाली, पण नाकात दोन नथी आल्या. मी हसलो. ते हसले नाहीत. उजवीकडची नथ त्यांनी ठिपका ठिपका करून पुसली. दोन्ही गालांवर तीळ होते, त्यातला खरा कोणता हे त्यांनी मला न विचारताच ठरवलं.

मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. मोठ्या अक्षरात चारच ओळी.

"वहिनी, आईचा चेहरा मला आठवत नाही.
तो आठवायची वेळ तू कधी येऊ दिली नाहीस.
मी जो काही आहे तो तुझ्या चुलीपुढं झालो.
तुझा काशी."

मी एक वेलांटीसुद्धा बदलली नाही.

हे कार्ड मात्र पोस्टात पडलं नाही. वहिनीच्या गावचा पोस्टमन दारात उभा राहून पत्र वाचून दाखवतो, आणि ते काशीभाऊंना चालण्यासारखं नव्हतं. "तुमी चला संगती," मला म्हणाले, "माझ्यानं एकट्यानं नाय व्हायचं." आम्ही एसटीनं मुरबाडला गेलो, तिथून पुढे जीपनं.

वहिनी ओटीवर सुपात तांदूळ निवडत होती. बोटांनीच खडे काढत होती. काशीभाऊंनी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग उजेडाकडे तिरकं धरलं.

"ही मी?" ती म्हणाली. "येवढी गोरी कवा होते रे मी?"

"कॉम्प्युटर गोरं करतो," काशीभाऊ म्हणाले.

"आन खाली काय लिवलंय? वाच."

काशीभाऊंनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. कार्ड हातात घेतलं. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, आमी सगळी खुशाल हाव."

आणि कार्ड तिला परत दिलं.

तिनं अंगठा कार्डावरून सावकाश खाली आणला. "मला चार ओळी दिसतात, काशी. तू येकच वाचलीस."

"बाकीच्यात पत्ता हाय."

तिनं सूप बाजूला सारलं, कार्ड पदरानं पुसलं आणि पोलक्यात आत सरकवलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बाकीचं नको वाचू. पण खोडू बी नको."