मास्तरांचा उजवा पाय

"उडवायचं राहू दे बाजूला, पण जमिनीवरून न्यायचं म्हणशील तर मी विमान झोपेतसुद्धा नेईन!" जेवता जेवता मास्तरांनी जाहीर करून टाकलं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्या गावाला रस्त्यातून बाजूला व्हायला शिकवलं होतं. शिकवताना ते डाव्या सीटवर बसत. तिथेही एक जादा ब्रेक बसवून घेतलेला होता. शिकणारा जरा चुकला, की मास्तरांचा उजवा पाय त्या ब्रेकवर आदळायचा आणि तोंडातून "ब्रेक! ब्रेक!" सुटायचं. पाय आधी की तोंड आधी, हे खुद्द मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

तर अशा माणसाला उतारवयात विमान शिकायची हुक्की आली! गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात नाव घातलं. पण पहिला धडा ऐकूनच त्यांचं तोंड कडू झालं. उडायचंबिडायचं काही नाही. शेडपासून धावपट्टीच्या तोंडापर्यंत विमान चालवत न्यायचं आणि परत आणायचं, बस्स.

"म्हणजे पार्किंग!" मास्तर फणकारले. "मला पार्किंग शिकवणार!"

"आणि जमलं नाही तर?" बायकोने विचारलं.

"मला? जमणार नाही?"

"मग लावा पैज. नीट नेऊन आणलंत, तर मी गाडीच्या किल्लीचं पुन्हा नाव काढणार नाही. नाही जमलं, तर त्या दिवसापासून गाडी मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं, तोंड मिटून. एक शब्द काढायचा नाही."

आता मंडळी, इथे जरा मागचं सांगायला हवं. बायकोकडे लायसन्स होतं. शिकवणारे अर्थात मास्तरच! पण तिने गाडी काढली रे काढली, की हे शेजारी हजर. मग गल्लीच्या टोकापर्यंत इतके ब्रेक लागायचे, की सोबत निघालेलं कुत्रं कंटाळून पुढे निघून जायचं. शेवटी तिने किल्ली खुंटीला टांगली ती टांगलीच. बहिणीकडे जायचंय? मास्तरांना विचारा. आईला डॉक्टरकडे न्यायचंय? मास्तरांची शिकवणी संपेपर्यंत थांबा. हे तिला मनातून फार लागायचं. मास्तरांना मात्र वाटायचं, हिला आपल्या शेजारी बसायला आवडतं!

"लागली पैज!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी आणखी भात मागितला.

रविवारी सगळी वरात ड्रायव्हिंग स्कूलच्याच गाडीतून क्लबात पोचली. बायको आणि सासूबाई हिरवळीवरच्या खुर्च्यांत बसल्या. क्लबातली चार माणसंही चहाचे कप घेऊन जवळपास होती. मास्तर छाती काढून विमानाकडे गेले. दोन सीटचं चिमुकलं विमान. शिकणाऱ्याने बसायचं डावीकडे आणि शिकवणाऱ्या पायलटबाई उजवीकडे.

"मीही गाडी तुमच्याकडेच शिकले, मास्तर," पायलटबाई पट्टा आवळत म्हणाल्या.

"अरे वा! मग काळजीच नको."

"हो ना," म्हणून त्या आणखी एक पट्टा आवळू लागल्या.

मग त्यांनी समजावलं. हातातलं चाक हवेत कामाचं, जमिनीवर त्याने विमान वळत नाही. वळवायचं पायांनी. डावं पेडल दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. ब्रेक त्याच पेडलांच्या वरच्या टोकाला, पण प्रत्येक चाकाचा वेगळा. म्हणून टाचा खाली टेकलेल्या हव्यात. आणि पिवळ्या रेघेवरून, माणूस चालेल इतक्याच वेगाने जायचं.

मास्तर "हो हो" करत होते. जन्मभर शिकवणाऱ्या माणसाला शिकवलेलं ऐकू येत नाही.

इंजिन सुरू झालं, विमान हललं आणि मास्तरांच्या सवयीप्रमाणे रेघ सोडून डाव्या कडेला लागलं.

"रेघेवरून, मास्तर!"

"भर रस्त्यातून? समोरून कोणी आलं तर?"

"समोरून कोण येणार?"

"असं म्हणूनच अपघात होतात, बाई!"

"मास्तर, पंख!"

"कुणाचे?"

"आपले! तो खांब बघा!"

डावीकडे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावलेला खांब होता आणि पंखाचं टोक सरळ त्याच्या भेटीला निघालं होतं. मास्तरांनी चाक गर्रकन उजवीकडे फिरवलं. विमानाला त्याचं सोयरसुतक नाही! आणखी फिरवलं. छे! वळतोय तर इशारा द्यायला हवा, म्हणून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि गोल गोल फिरवला.

"अगं बाई, जावईबापू आपल्याला हात करतायत!" सासूबाई हरखल्या आणि दोन्ही हात वर करून हलवू लागल्या. बायकोनेही हात हलवला. ते बघून कपवाली माणसंही हात हलवू लागली.

मास्तरांनी ते बघितलं. इतकी माणसं हात करतायत, म्हणजे मागून नक्की काहीतरी येतंय! त्यांनी आरसा शोधला. विमानाला आरसा नव्हता. झालं! आपण डाव्या सीटवर, उजवीकडे एक बाई आणि समोर संकट. पुढचं सगळं देहाने परस्पर उरकलं.

"ब्रेक! ब्रेक!" मास्तर गरजले आणि उजवा पाय होता नव्हता तेवढा जोर लावून आदळला.

उजवं चाक जागीच अडकलं, डावं आपलं पुढे निघालं. खांब वाचला, पण विमान गर्रकन फिरलं.

"अहो बाई, ब्रेक दाबा की!"

"विमान तुम्ही चालवताय, मास्तर!"

"मग थांबत का नाही?"

"एकच ब्रेक दाबलाय! पाय काढा!"

पाय कसला निघतोय! उलट इंजिन बंद करायला म्हणून मास्तरांनी समोरचा वेगाचा दट्ट्या ओढायचा तो आत ढकलला. मग काय विचारता! इंजिन बोंबललं आणि विमान एका पायावर लंगडी घालू लागलं. वाऱ्याच्या झोताने चहाचे कप उडाले, टेबलावरचं कापड उडालं, सासूबाईंची शाल उडून कुंपणावर जाऊन बसली. बघणाऱ्यांना वाटलं, हा खास कार्यक्रम आहे. टाळ्यांचा कडकडाट!

तेवढ्यात रेडिओवर विमानांवर नजर ठेवणारा मनोऱ्यातला माणूस शांतपणे म्हणाला, "आपला हेतू कळवा."

"हेतू चांगला आहे हो!" मास्तर किंचाळले.

मग मात्र पायलटबाईंनी हात पुढे केला, दट्ट्या ओढला आणि इंजिन बंद केलं. विमान शेडकडे तोंड करून गप्प उभं राहिलं.

"तुमच्याकडेही पेडलं आहेत की!" मास्तर धापा टाकत म्हणाले. "आधीच का नाही दाबलीत?"

"तुमच्याकडे शिकताना मला एकदाही ब्रेक दाबायला मिळाला नाही, मास्तर. वेळच यायची नाही. म्हटलं, मैदान मोकळं आहे, तुम्हाला तरी पोटभर शिकू द्यावं."

मास्तर खाली उतरले. बायको समोर उभी होती. तिने फक्त तळहात पुढे केला. मास्तरांनी खिसे चाचपायचं बरंच नाटक केलं आणि मग किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिने ती इतकी घट्ट धरली, की मास्तर क्षणभर बघतच राहिले.

परतीला बायको चालवायला, मास्तर डावीकडे, सासूबाई मागे. गाडी कशी लोण्यासारखी चालली होती! मास्तरांनी ओठ असे मिटले होते, की मिशी तेवढी दिसत होती. शब्द म्हणजे शब्द. क्लबाच्या फाटकाजवळ दूरवर एक सायकलवाला दिसला. बायकोने वेग कमी केलाच होता.

गचकन गाडी थांबली. सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

बायकोने आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग मास्तरांच्या उजव्या पायाकडे.

"मी एक शब्द तरी बोललो का?" मास्तर उसळून म्हणाले.

"आत्ता बोललात. उतरा. मागे बसा. आई, तू पुढे ये."

सासूबाई कपाळ चोळत पुढे येऊन बसल्या.

"आई, तुझे पाय पोचतात का गं त्या ब्रेकला?"

"नाही गं बाई."

"छान!" म्हणून बायकोने गिअर टाकला आणि घराकडे न वळता गाडी सरळ बहिणीच्या गावाच्या रस्त्याला लावली.

मास्तर मागे मांडी घालून बसले. तासभर गाडी एकदाही गचका खाऊन थांबली नाही. आईशी गप्पा मारत बायको चालवत होती आणि मध्येच गुणगुणतही होती. तिला गुणगुणताना मास्तरांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, थोडी लाजही वाटली. मेहुणीच्या दारात उतरल्यावर काहीतरी चांगलं बोलायलाच हवं, म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"बघितलंत?" ते मेहुणीला म्हणाले. "शेवटी शिकवलं कुणी?"