पेठेसाहेब आणि लेथचा सुटा तुकडा

पेठेसाहेबांच्या टेबलावर तुम्ही चहाचा कप ठेवून दाखवा! आधी ते टेबल पुसणार, मग कपाचं बूड पुसणार, तळवा फिरवून बघणार आणि तरी म्हणणार, "खाली काहीतरी आहे." आमच्याकडे जेवायला आले तर ताटाखालीसुद्धा हात फिरवायचे. असा राग यायचा मला!

चंदीगडच्या एका कॉलेजात ते वर्कशॉपचे प्रमुख. मूळचे सांगलीचे, एकटा जीव. मी तिथे ड्रॉइंग शिकवायचे. दहशतवादाचे दिवस, दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे. साहेबांना मात्र धास्ती एकच, कुणीतरी मोठ्या लेथचा, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचा, गॅपचा तुकडा काढायला लावील. लेथच्या लांब बेडचा, वस्तू पकडून फिरवणाऱ्या चकाजवळचा हा तुकडा सुटा असतो. तो काढला की मोठं चाक फिरवता येतं. पण परत बसवताना खाली केसाएवढा लोखंडाचा कीस राहिला, की अचूकपणा गेलाच. "काढणारे छप्पन भेटतील, बसवणारा एक दाखव!" असं ते गरजायचे.

आणि एक दिवस हॉस्टेलच्या पंपाची भलीमोठी पुली कातायला आली. हॉस्टेलात पाणी बंद, मुलं बादल्या घेऊन दारात. करतात काय बिचारे साहेब! गुरमेलसिंगने बोल्ट सोडले. गुरमेल म्हणजे साहेबांचा उजवा हात, रोज बसने गावाहून यायचा. दुपारपर्यंत पुली कातून झाली आणि मग बसवण्याचा सोहळा सुरू झाला. रॉकेलने धू, पूस, तळवा फिरव, पुन्हा पूस. दोघांनी तो जड तुकडा निजलेल्या बाळासारखा खाली उतरवला, पिना ठोकल्या, बोल्ट आवळले. मी केसाएवढा उंचसखलपणाही काट्याने दाखवणारा डायल सांध्यावरून सरकवला. काटा हलेचना! अहो, पहिल्याच खेपेला! मी तर टाळ्याच पिटल्या.

तेवढ्यात शिपाई सांगत आला, गुरमेलच्या गावच्या रस्त्यावर गोळीबार झालाय, बस मात्र जाणार आहे.

"भाईजी, आज रुक जाओ ना," मी म्हटलं.

गुरमेल हसला. "डर के घर ना जाऊँ? आखिरी बस है जी, चलता हूँ."

साहेब डायलवर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"खाली काहीतरी आहे. गुरमेल, खोलो."

"अहो साहेब, काटा तर..."

"तू गप्प बस!"

गुरमेलचा चेहरा पडला. पण साहेबांनी खोट काढली म्हणजे ती असणारच. त्याने पाना उचलला. पुन्हा रॉकेल, पुन्हा तळवे, पुन्हा बोल्ट. बस केव्हाच निघून गेली. मी डायल सरकवला. या वेळी काटा खरोखरच थरथरला.

गुरमेल हात धुवायला गेल्यावर मी साहेबांवर उखडलेच. "छान बसला होता हो! कशाला उचकटलात?"

"दिसत होतं मला." त्यांनी मान वर केली नाही. "पण नुसतं थांब म्हटलं असतं तर थांबला असता का तो? अगं, मला या लेथशिवाय दुसरं बोलता तरी काय येतं?"

डोळे पुसले त्यांनी, रॉकेलच्या चिंधीनेच. मग नळाच्या दिशेने ओरडले, "गुरमेल, रात को मेरे घर! सुबह फिर खोलेंगे!"

आवाज चांगलाच चिरकला होता.