पुंजाराम यांची घिवलीवर स्वारी आणि जगाच्या दारिद्र्याचा बीमोड

श्रीसमुद्र प्रसन्न. शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सर, श्रावण शुद्ध पक्षी नारळी पुनव तोंडावर आली असता, बोईसर प्रांतीचे राजश्री पुंजाराम जालनेकर यांणी जगाच्या दारिद्र्यावर जी मोहीम केली, तिची हकीकत घडली तैसी लिहितो. पदरचे तिखटमीठ काही नाही. असलेच तर कालवणापुरते.

राजश्री ज्या कारखान्यात कामास होते तो वैशाखापासून टाळ्यात होता, आणि खासा स्वारी भाड्याच्या खोलीत एक वेळ जेवून होती. मग शेजारच्या टीव्हीवर विश्वचषक पाहून मस्तकी फुटबॉल चढला, आणि त्याच टीव्हीवर परमुलखीची उपाशी लेकरे पाहून काळीज हलले, मग दोन्ही एक होऊन मसलत ठरली की, घिवलीकर कोळ्यांशी फुटबॉलचे युद्ध करावे, दर गोलास हरएक पाहणाराने मूठभर तांदूळ गोणीत टाकावे, आणि गोणी जगाकडे रवाना करावी. खोलीसोबती झुंबर यांणी अर्ज गुजारला की, "आरं, आधी तुझ्या डब्यात काय हाय ते बघ की!" राजश्रींनी डबा उचलून गोणीत उपडा केला आणि फर्मावले, "जगाचं मोठं हाय. माझं मागून बघू." मग पोटात निव्वळ चहा घालून चाळीतल्या बेकार गड्यांची फौज घिवलीस निघाली.

किनाऱ्यावर रणांगण सिद्ध जाहले. गोलास जाळे पाहिजे, म्हणोन जमनाबाई तांडेलीण यांणी आपले नवेकोरे डोल जाळे, अद्याप पाणी न पाहिलेले, बांबूस टांगू दिले. डोल म्हणजे तोंडाशी ऐसपैस आणि पुढे निमुळती होत गेलेली लांबलचक पिशवी. आत शिरणे सोपे, बाहेर निघणे मासळीच्या हाती नाही. राजश्री पडले कोरडवाहू मुलखाचे, त्यांस हे कोण सांगणार?

अर्धा खेळ सरला आणि गोल एकही नाही. पाहणारांच्या मुठींत तांदूळ घामेजले. बोईसरचे गोलरक्षक खुद्द पुंजाराम. चेंडू अडवावा तर दारिद्र्य राहते, सोडावा तर अब्रू जाते, ऐशा पेचात ते उभे होते. तो जमनाबाईंचे चिरंजीव महादू यांणी तोफेसारखी लाथ घातली. राजश्रींनी चेंडू छातीशी धरला खरा, पण अंगात बळ कोठले? चेंडूसह उलटे जाऊन ते थेट जाळ्याच्या शेपटात अडकले. गोल जाहला, हलकल्लोळ उडाला, आणि मुठी सुटून गोणी तट्ट भरली.

बोईसरची फौज सरदारास सोडवू धावली, तो जमनाबाईंनी शेपटाची दोरी धरून हुकूम केला, "हात नाय लावायचा! नव्या जाल्यात पयला गावला तो इकायचा नाय नि सोडायचा बी नाय. घरी न्यायचा."

"आये, माणूस हाय तो!" महादू वदले.

"जाल्यात गेला ना? मग माल."

झुंबर यांणी खंडणीदाखल अवघी गोणी देऊ केली, ती नामंजूर जाहली. मग चौघांनी जाळे खांद्यावर घेतले आणि राजश्री पालखीत बसल्यागत तांडेलांच्या अंगणी दाखल जाहले.

बाईंनी दोरी सोडली आणि बरगडीला बोट लावून पुसले, "ह्याच्यात नुसतं काटंच हायत. जेवला कवा?"

राजश्रींनी अट घातली की, आधी गोणी जगाकडे जावी. बाईंनी पुसले, जग कोठे? त्यांणी जाळ्यातूनच समुद्राकडे बोट केले. "लांब हाय, मावशी."

"मग गोणी जाईल तवा जाईल. तू हितं हायस."

मग भात आणि सुक्या बोंबलांचे कालवण आले. राजश्री तिसऱ्यांदा भात मागते जाहले, आणि डोळे वाहू लागले ते कालवणाच्या तिखटावर ढकलते जाहले. मग बाईंनी फर्मान काढले की, कारखान्याचे टाळे निघेतो हा पहिला माल आमच्या बोटीवर कामास राहील. राजश्रींनी ताट चाटूनपुसून साफ केले, आणि मग झुंबर यांस हुकूम गेला की, गोणी आपल्याच चाळीत उतरवावी, जग तेथूनच सुरू होते.

येणेप्रमाणे घिवलीकर एका गोलाने जिंकले आणि जगाच्या दारिद्र्यातून माणूस एक वजा जाहला. फत्तेची तोफ जवळ नव्हती, सबब पुंजाराम यांणी ढेकर दिला. जमनाबाईंनी तो ऐकला आणि मोहीम फत्ते जाहली ऐसे कबूल केले.