हिरव्या शाईचं खोडरबर

जपानमधल्या कानाझावाच्या योशिनारीला आपल्या लेकीबद्दल भारी खात्री. "कोहारूच्या मनात काय चाललंय, ते मला जिन्यावरच्या तिच्या पावलांवरून कळतं," असं तो तातामीच्या चटया शिवता शिवता गिऱ्हाइकांना ऐकवायचा. गिऱ्हाइकं माना डोलवायची. चटया त्याच्याकडूनच घ्यायच्या होत्या ना.

एका रविवारी देवळाच्या खोलीचं माप कागदावर चुकलं आणि खोडरबर सापडेना. कोहारू मैत्रिणीकडे गेलेली. तिच्या दप्तरातून त्याने नखाएवढा तुकडा उचलला आणि निम्मा घासूनही टाकला. मग त्यावर हिरवी अक्षरं दिसली. रेंतारो.

"अहो, काय केलंत हे?" बायको फुमिए दारातच थबकली.

"खोडलं. खोडरबराने दुसरं काय करतात?"

फुमिएने लेकीचं चित्रकथांचं मासिक त्याच्या नाकासमोर धरलं. त्यातली चिमुकली चेटकीण दर महिन्याला कुणा ना कुणाचं जुळवून द्यायची. तीन महिन्यांपूर्वीच्या या अंकातला तोडगा असा: आवडत्या मुलाचं नाव खोडरबरावर हिरव्या शाईने लिहायचं, आपल्याच हाताने घासून संपवायचं. जो लिहील आणि घाशील, त्याच्यामागे तो येणार. दुसऱ्याचा हात लागला की मुसळ केरात.

"म्हणजे पोरगी तीन महिने गणितं मुद्दाम चुकवतेय ती यासाठी?"

"का, पावलांवरून नाही कळलं?"

योशिनारीने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. शुक्रवारी शाळेचं वर्ष संपणार होतं. मग वर्गांची अदलाबदल, आणि रेंतारो कुठल्या वर्गात जाईल कोण जाणे. पोरीचे तीन महिने बापाने एका मापापायी पुसले होते. त्याला फार वाईट वाटलं.

तो धावत मात्सुए आजींच्या दुकानात गेला. तसंच खोडरबर, हिरवं पेन. घरी येऊन त्याने स्वतः नाव लिहिलं आणि घासायला बसला. जाड सुई खुपसणारी बोटं त्या एवढ्याशा रबराने वाकडी झाली. खोडायला रेघा पुरेनात, त्या नादात देवळाचं नवं मापही साफ झालं. त्याने पुजारीबुवांना फोन लावला.

"खोली पुन्हा मोजायला येऊ का?"

"या की. काल होती तेवढीच आहे," बुवा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तुकडा हुबेहूब झाला आणि गुपचूप दप्तरात गेला. कोहारूने तो गुरुवारी संपवला आणि त्या रात्री दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

एप्रिलमध्ये रेंतारो खरंच घरी आला! कोहारूने केसांना नवी फीत लावली, चहा नेला. पोरगा चहाला हात लावेना, मान वर करेना.

"काका, ही सुई मी ओढून बघू?"

दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी घाम पुसायला आपलं फडकं घेऊन आला. "काका, मी मोठा झालो की तुमच्यासारखा होणार. तुमच्याइतकं मला कुणी आवडत नाही."

तो गेल्यावर कोहारू मासिक घेऊन समोर उभी राहिली. "बाबा, खरं सांगा. कुणी घासलं?"

योशिनारीने थाप मारायला तोंड उघडलं, आणि सगळं खरंच सांगून बसला. तिचे डोळे भरले. मग तिने त्याची अजूनही सुजलेली बोटं पाहिली.

"अख्खं घासलंत?"

"अख्खं."

"वेडे आहात तुम्ही," ती नाक पुसत म्हणाली. "पुन्हा माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही."

"आईशप्पथ."

आठवडाभराने तिच्या टेबलावर नवं कोरं खोडरबर दिसलं. पोर अजून कुढतेय का, एवढंच बापाला बघायचं होतं. त्याने वेष्टन सरकवलं. हिरव्या शाईत, भलत्याच कुणा पोराचं नाव. हायसं वाटून त्याने ते हातात घेऊन नीट न्याहाळलं, आणि मग हात कुठे आहे ते त्याच्या लक्षात आलं.

मात्सुए आजींनी त्याला दुकानात शिरताना पाहिलं आणि काही न विचारता खोडरबर काढून ठेवलं. "पेन आहे ना घरी?" त्या म्हणाल्या.