लाल पथकाचे हसनभाई

हसनभाई परकार नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, रंग विचारतात.

"तुमचा रंग कोणता?" रियाधमध्ये, अल मलाझमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं. मी "सावंत" म्हणालो. "ते आडनाव झालं," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातल्या डब्यावर बोटांनी ठेका धरला, मान तिरकी केली आणि निकाल दिला, "जांभळा. पण कच्चा." चौथा मजला येईपर्यंत मी खरंच जांभळा झालो होतो.

हा दापोलीकडचा माणूस एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता. डोक्यात मात्र दिवसरात्र ढोल. रियाधमधल्या सगळ्या गाड्या पांढऱ्या, म्हणून आपली ओळखू यावी यासाठी त्यांनी तिच्यावर इतक्या रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या की ट्रॅफिक पोलीस तिला थांबवायचे ते फक्त फोटो काढायला.

ढोलपथकांच्या नावात रंग का असतात, यावर त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. "आमच्याकडे पिवळं पथक हळदीला बोलवत. ते वाजायला लागलं की हळद लावायची गरज नसे, नवरा आपोआप पिवळा पडे. निळं पथक खाडीपलीकडचं, त्यांच्या ढोलाने अवेळी भरती येई. काळं पथक एकदाच निघालं. वरातीचा घोडा उधळला, तो नवऱ्यासकट मंडणगडला सापडला!"

यातलं निम्मं त्यांनी वाढवलेलं आहे. उरलेलं मी.

पुढे त्यांनी रियाधमध्येच पथक काढलं. ढोलाचं खोड डक्टच्या पत्र्याचं, कातडं बकरी ईदच्या बोकडांचं. शहराबाहेर भाड्याने इस्तिराहा मिळते, म्हणजे उंच भिंतींचं अंगण, दोन खोल्या आणि एक कंटाळलेली खजूर. दर शुक्रवारी तिथे तालीम. पहिला ढोल वाजला तेव्हा पलीकडच्या उंटाने दोर तोडला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून येमेनच्या दिशेने चालतोच आहे.

पथकाला नाव द्यायची वेळ आली, आणि नेमके त्याच सुमारास सरकारने कंपन्यांना रंग दिले. सौदी माणसं पुरेशी नोकरीला ठेवली तर कंपनी हिरवी, भरपूर ठेवली तर प्लॅटिनम, कमी पडली तर पिवळी, आणि अगदीच हात आखडला तर लाल. लाल कंपनीतल्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवा होत नाही. इकामा नाही तर बांधा बिऱ्हाड! वाट एकच, मुदतीच्या आत एखाद्या हिरव्या कंपनीत बदली. त्याला जुन्या कफीलची, म्हणजे मालकाची, परवानगीही लागत नाही. पण घेणारी हिरवी कंपनी सापडली पाहिजे ना!

बघता बघता सगळं रियाध हसनभाईंसारखं बोलू लागलं. लग्नाच्या बोलण्यांत मुलाचं शिक्षण, उंची सगळं मागे पडलं आणि "कंपनी कुठल्या रंगात?" हा पहिला प्रश्न झाला. लाल कंपनीवाले ओळखीचं माणूस दिसलं की फुटपाथ बदलू लागले, कार्यक्रमांना यायचे बंद झाले. आणि हसनभाईंचं वर्कशॉप लाल झालं होतं. रमझान संपला की त्यांचा इकामाही संपणार होता.

नावाची बैठक इस्तिराहात भरली.

"हिरवं पथक ठेवा," मकबूल म्हणाला. तो एका हिरव्या सुपरमार्केटचा मॅनेजर. "शुभ रंग आहे."

"त्यापेक्षा प्लॅटिनम! वजन येईल," झांज वाजवणारे दातांचे डॉक्टर देशपांडे म्हणाले.

"डॉक्टर, प्लॅटिनम हा रंग नाही, बायकोचा हट्ट आहे," हसनभाई म्हणाले. "नाव ठरलंय. लाल पथक."

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. खजुरीनेसुद्धा.

"चाचा, डोकं ठिकाणावर आहे ना?" मकबूल उसळला. "आपल्यावर बला आलीय, ती छातीवर लिहून फिरायची? आधी स्वतःच्या बदलीचं बघा!"

"बघतोय ना. लाल कापड कुठे चांगलं मिळतं ते बघतोय. खलास!"

लाल शर्ट शिवले. पहिल्याच धुण्यात डॉक्टरांचे पांढरे कोट गुलाबी झाले, आणि त्यांच्याकडची लहान मुलं म्हणे रडायची थांबली.

मग ते लाल शर्ट बघून शुक्रवारी एकेक अनोळखी माणूस दारात घुटमळू लागला. चिपळूणचा एक इलेक्ट्रिशियन आला. हसनभाईंनी विचारलं, "रंग?"

"लाल," तो बुटांकडे बघत म्हणाला.

"मग एवढा उशीर? धर झांज!"

तालमीनंतर बिर्याणीच्या थाळ्याशी त्यांनी त्याला मकबूलच्या मांडीला मांडी लावून बसवलं. "मकबूल, तुझे फ्रीज सारखे बंद पडतात ना? हा बघ." इलेक्ट्रिशियन हिरवा झाला. मागून श्रीवर्धनचा ड्रायव्हर आला, तोही झाला. हसनभाई मात्र लालच. त्यांच्या बदलीचा विषय काढला की ते ढोल बडवायला घेत. मग बोला कोणाशी?

रमझान तोंडावर आला तेव्हा मीच आमच्या सुलतानला तालमीला नेलं. सुलतान आमचा नवा सौदी एचआर अधिकारी. आमची कंपनी हिरवी होती ती त्याच्यासारख्या पोरांमुळेच. तो असा नाचला की डोक्यावरच्या रुमालाची काळी दोरी उडून माझ्या चहात पडली. मग धापा टाकत त्याने ढोल उचलून चहूबाजूंनी फिरवला.

"याच्या पत्र्याचा जोड कुठाय?"

"जोड दिसला तर मी फोरमन कसला?" हसनभाई मोडक्या अरबीत म्हणाले.

"आमचे डक्ट वारा सुटला की भुतासारखे रडतात," सुलतान म्हणाला. "यल्ला, उद्या ऑफिसला ये."

ईदच्या आधी हसनभाईंची आमच्या कंपनीत बदली झाली. मकबूलने पेढ्यांऐवजी खजूर वाटले, आणि रडलासुद्धा. वर म्हणाला, डोळ्यांत धूळ गेली.

ईदनंतरच्या शुक्रवारी मी इस्तिराहाकडे लवकर निघालो. भर उन्हात, हमरस्त्याच्या कडेला लांबूनच एक लाल ठिपका दिसला. जवळ गेलो तर हसनभाई.

"अहो, हिरवे झालात आता! शर्ट तरी बदला. आणि कोणाची वाट बघताय?"

"कोण जाणे."

मी गाडीतून उतरलो. ते रस्त्यावरची नजर न काढता बोलू लागले. "सावंता, मी आलो तेव्हा पहिली दोन वर्षं उत्तरेत हाइलला होतो, गव्हाच्या शेतावर. मराठी बोलायला कोणी नाही. मी पाण्याच्या पंपाशी बोलायचो. पुढे रियाधला आल्यावर कळलं, पलीकडच्या शेतावर मुरुडचा एक जण होता. रोज समोरासमोरून जायचो आम्ही. दोघांचे कपडे मातीच्या रंगाचे. मला वाटलं तो पेशावरचा, त्याला वाटलं मी. दोन वर्षं, सावंता! नुसती मान हलवत."

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

एक पांढरी गाडी आमच्यासमोरून सुसाट गेली. बरीच पुढे जाऊन थांबली, आणि हळूहळू मागे येऊ लागली. हसनभाईंनी काखेतली झांज काढून पुढे धरली.