हितं वहाण न्हाई

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या कुरवंडे गावचे म्हादूआबा कुठल्याही संस्थेच्या दारापर्यंत जात, पण उंबरा ओलांडत नसत. बाहेर काढून ठेवलेल्या पायताणांकडे ते वाकून बघत. बूट, पंपशू, पुणेरी जोडे. काठीच्या टोकाने एकेक बाजूला सारत. चिखलाने कडक झालेली, टाचेला ठिगळ मारलेली कुणब्याची वहाण सापडली, तर नुसतं "हं" म्हणत. नाही सापडली, तर खिडकीतून आत ओरडत, "हितं वहाण न्हाई! पाटीवरचं सार्वजनिक पुसा आधी!"

लोणावळ्यात तेव्हा संस्थांना तोटा नव्हता. व्यायामशाळा होती, व्याख्यानमाला होती, आरोग्य मंडळ होतं, वाचनालय होतं. सगळ्यांच्या पाटीवर 'सार्वजनिक' हा शब्द ठळक. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मी गावातला पहिलाच कॉलेजात गेलेला पोरगा, म्हणून त्यांनी एकदा मला पाटीसमोर उभं करून त्या शब्दाचा अर्थ विचारला होता. "सगळ्यांचं," मी म्हणालो. तेव्हापासून आबांचं डोकं फिरलं असं गावात म्हणत, आणि दोष मला देत.

आरोग्य मंडळाच्या सभेची गोष्ट अजून सांगतात. विषय होता 'खेड्यातील आरोग्य'. आबांनी दाराशी पाहणी केली आणि खिडकीला तोंड लावलं, "सायेब, ज्यांच्या तब्येतीचं बोलताय त्यातलं एक बी आत न्हाई. कुनाला सांगताय? भिताडाला?" शिपाई धावला. तेवढ्यात आबांनी काठीने सगळे बूट ढवळून ठेवले होते. अध्यक्ष टांग्यात बसले तेव्हा त्यांच्या एका पायात स्वतःचा बूट होता आणि दुसऱ्यात कुणाचा तरी पंपशू.

लोक हसले. मीही हसलो. पण वाचनालयातल्या प्रसंगानंतर माझं हसणं बंद झालं.

दिवाळीच्या सुटीत मी वाचनालयाच्या चिटणिसांकडे गेलो. जुनं साप्ताहिक फक्त रविवारपुरतं द्यावं, मी गावात मोठ्याने वाचून दाखवीन, एवढंच मागायचं होतं. मोठ्या माणसांपुढे माझी जीभ अडखळते. तरी सगळं बोललो.

चिटणीस म्हणाले, "कुरवंड्याला वर्तमानपत्र? अरे, तिथे ऐकणार कोण? म्हशी?"

बाकीचे सभासद हसले.

"तू शिकतो आहेस, तू इथे येऊन वाच. आमची ना नाही. फक्त पायांवर पाणी घेऊन येत जा. सतरंजी मळते."

मी मान डोलावली. 'येतो' म्हणून निघालो. कुरवंड्याच्या चढावर मला सगळी उत्तरं सुचली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर राग वाढत गेला. चिटणिसांचा राग आला, सतरंजीचा आला, आणि त्यांच्यासमोर खाली पाहून मान डोलावली त्या माझ्या मानेचाही आला.

आबांना सांगितलं. ते भात कापत होते. विळा तिथेच टाकून ते तसेच लोणावळ्याला निघाले. तेव्हापासून रोज सकाळी ते वाचनालयाच्या खिडकीशी उभे राहू लागले. आत कुणी पान उलटलं की बाहेरून ओरडत, "म्हशी इचारत्यात, काय आलंय आज?"

शेवटी चिटणीस कंटाळले. "बरं, या रविवारी अंक देतो. मी स्वतः बघायला येईन. माणसं जमली तर दर आठवड्याला न्या. नाही जमली, तर दोघांनीही पुन्हा या दारात दिसायचं नाही. कबूल?"

"कबूल!" आबा म्हणाले.

रविवारी दुपारी मी शाळेच्या खोलीत अंक घेऊन बसलो. नागफणीच्या कड्याकडून वारा सुटला होता. कागद उडू लागला, म्हणून दार लोटून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. आबा चिटणिसांना आणायला खाली रस्त्यापर्यंत गेले होते.

थोड्या वेळाने बाहेरून आबांचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"एक बी वहाण न्हाई! आरं, एक बी न्हाई! ज्यांच्यापायी मी वेड्यावानी खिडकीशी उभा ऱ्हायलो, ती समदी कुटं मेली? थू तुमच्या जिनगानीवर!"

मग चिटणिसांचा शांत आवाज. "मी म्हटलं नव्हतं, म्हादूआबा? उगाच चढ चढायला लावलात."

दार उघडलं ते आबांच्या कारभारणीने, गिरजामावशीने. ती दाराशीच बसली होती.

"अवं, वराडताय कशापायी? आत काय बी ऐकू येईना."

आबांनी आणि चिटणिसांनी आत पाहिलं. खोली भरली होती. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडी, मागे भिंतीला टेकून रानातून मोळ्या घेऊन आलेली कातकरी माणसं.

"मग पायताणं कुटं हायती?" आबांनी विचारलं.

"कुनाला हायती?" मावशी म्हणाली. "आमी समदी अनवानी आलोय."

आबांच्या हातातली काठी तशीच राहिली. ते मावशीच्या पायांकडे पाहत होते. पहिल्यांदाच पाहत असावेत. भेगांमध्ये खाचरातली माती बसली होती. आबांच्या स्वतःच्या पायांत मात्र करकर वाजणाऱ्या वहाणा होत्या.

मी पुढे वाचू लागलो, आणि चिटणीस थोडा वेळ दारात उभे राहून ऐकत होते. जाताना म्हणाले, "अंक नेत जा. पण पायांवर पाणी घेऊन ये हं." अंक मिळाला. राग मात्र माझा गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आबा त्या दिवशीही आत आले नाहीत. वहाणा काढून उंबऱ्याबाहेर गुमान बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खळ्यावर गेलो. मावशी सूप धरून उभी होती आणि आबा तिच्या पायाशी गुडघे टेकून बसले होते. हातात पेंढ्याची काडी.

"हालू नगंस म्हटलं की!"

"गुदगुल्या हुत्यात."

काडी मोडली. आबांनी काडीला शिवी हासडली आणि दुसरी उपसली. मला पाहून ते ओशाळले, मग माझ्यावरच खेकसले, "बगतो काय? चांभाराला माप द्याया नगं?"

"ह्या वयात मला कशाला वहाना?" मावशी म्हणाली. "मी कुटं सभंला जाती?"

आबांनी मान वर केली नाही.

"काल गेलीस न्हवं."

टाचेपासून अंगठ्यापर्यंत त्यांनी काडी लावली, नखाने तोडली, आणि मोडू नये अशी जपून पटक्याच्या घडीत खोचली.