कापूसवाल्याचे नायलॉनचे मोजे

नेरमध्ये आमच्या शेजारी राहणारे गुलाबकाका कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. आधी खाली बघतात. चप्पल, टाच, अंगठा अशी सावकाश नजर फिरवतात आणि मग विचारतात, "काय म्हणतेत पाय?" पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरीचा चेहरा पाहिला की नाही, मला शंकाच आहे. जेवताना एवढंच म्हणाले, "पोरीच्या टाचेले सँडल लागून राह्यली."

मी इथल्या शाळेत शिकवते. चाळिशीत साखर निघाली, डॉक्टर म्हणाले चाला, आणि चालता चालता मी धावायलाच लागले. थंडीत पहाटे गावाबाहेरचा रस्ता धुक्यात असतो. दोन्ही बाजूंना तुरी, मधेच फुटलेल्या कापसाचं पांढरं. शेत कुठं संपलं आणि धुकं कुठं सुरू झालं, कळत नाही. आपण धावतोय की रस्ताच पायाखालून वाहतोय, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी त्या गुंगीतून मला टाचेवरच्या फोडानं जागं केलं. लंगडत परत येत होते, तोच धुक्यातून एक सायकल आली. शेतावर निघालेले गुलाबकाका.

"मॅडम, मोजे कायचे हायेत?"

"सुती."

काकांनी कपाळावर हात मारला. "सुती कायले घालता? सूत घाम पिते अन् धरून ठेवते. ओली कातडी घासली का फोड आलाच!"

हे सांगणाऱ्या माणसाच्या सात एकरांत कापूस उभा होता. चहाच्या टपरीवर बाकीचे शेतकरी त्यांना यावरूनच छेडायचे. "गुलाबराव, माल आपला अन् बदनामी बी आपणच करता?" काका बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणायचे, "सदऱ्याले कापूस, गादीले कापूस, वातीले कापूस. धावत्या पायाले नायलॉन. देवानं ज्याले त्याले काम वाटून देल्लं हाय."

त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. बूट घ्यायला यवतमाळला सकाळी जायचं नाही, संध्याकाळी जायचं, कारण दिवसभरात पाय फुगतो. दुकानात त्यांनी मला नवे बूट घालून इतके फेरे मारायला लावले की दुकानदार एकेक दिवा मालवायला लागला. "अंगठ्यापुढं बोटभर जागा पाह्यजे. अन् टाच हालली नाही पाह्यजे." मग ते बूट आठवडाभर घरातच. मी बूट घालून पोळ्या लाटल्या. मोज्याची शिवण बोटांना घासते, म्हणून मोजे उलटे घालायचे. टाचेला आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन. आणि सगळ्यात मोठा नियम: "कुठं गरम लागलं का तवाच थांबा. फोड येण्याआधी पाय एक डाव सांगते."

रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून हाक यायची, "मॅडम, पाय पाह्यले का?" साखरेच्या माणसानं तळवे रोज पाहावेत, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण डॉक्टर कुंपणावर येऊन उभे राहत नव्हते. माझा नवरा म्हणायचा, "या घरात तुझ्या टाचेला माझ्यापेक्षा जास्त मान आहे."

थंडी सरायच्या आत गावात दहा किलोमीटरची दौड ठरली. मी नाव दिलं. आयुष्यात मी कधी कुठल्या शर्यतीत उभी राहिले नव्हते. सात किलोमीटर मी जणू तरंगतच गेले. ऊन धुक्यात विरघळत होतं, पुढच्यांच्या पाठी पुसट होत होत्या, स्वतःचा श्वास लांबून कुणाचा तरी ऐकू यावा तसा येत होता. मग डाव्या टाचेला गरम लागलं. अगदी थोडंसं. मी मनाशी म्हटलं, तीनच तर राहिले.

वळणावर काका सायकल लावून उभे होते. माझा पाय पडताना पाहूनच त्यांनी ओळखलं.

"थांबा. डावा पाय."

"काका, शेवटची येईन मी!"

"या ना. बसा."

मी चरफडत बांधावर बसले. मागून आलेल्या दोघी पुढे निघून गेल्या. काका समोर खाली बसले. त्यांनी बूट काढला, घामानं चिंब मोजा उतरवला आणि माझी टाच हातात घेतली. मी दचकून पाय मागे ओढला. वडिलांच्या वयाचा माणूस!

"काका, पायाला नका ना हात लावू. मला पाप लागेल."

ते खिशातून चिकटपट्टी काढून उलगडायला लागले.

"तिलेबी साखर होती," ते म्हणाले.

काकू आम्ही शेजारी येण्याआधीच गेल्या होत्या. त्यांच्याबद्दल काका कधी चकार शब्द बोलले नव्हते.

"म्या नवी चप्पल आणलती तिले. हौसेनं. टाचेले फोड आला. साखरेनं पाय बधिर झालते, तिले समजलंच नाही. मले दिसलं तवा लय उशीर झालता. पाय काढा लागला. मंग तीबी राह्यली नाही."

त्यांच्या हातातली चिकटपट्टी अर्धवट उलगडलेली होती.

"तीस वर्षं, दर सणाले माह्या पाया पडे ती. म्या तिच्या पायाकडं एकदाबी नाही पाह्यलं."

मी पाय पुढे केला.

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं टाच पुसली, मग एकेक बोट, मग बोटांमधली जागा. लाल झालेल्या ठिकाणी पट्टी लावली आणि तिला कुठं सुरकुती राहू नये म्हणून अंगठ्यानं हळूहळू दाबत राहिले. मला आता घाई नव्हती. खिशातून कोरडा मोजा काढून त्यांनी घातला, बुटाची नाडी बांधली.

"जाय माय. हळू जाय."

मॅडम नव्हे. माय.

मी शेवटून दुसरी आले आणि टाचेवर फोड नव्हता, पण ते नंतरचं. वळण ओलांडताना मी मागे पाहिलं. धुकं उठलं होतं. काका बांधावर बसून माझा ओला मोजा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी सरळ करत होते.